बुडबुडे पकडणारी

कल्पना करा, तुम्ही गरम पाण्याच्या झऱ्याकाठी दगडावर ओणवे झालात. हातात रबरी मोजे आणि पाण्याने काठोकाठ भरलेली बाटली. ती पाण्यात उपडी धरायची, तोंडाशी नरसाळं लावायचं आणि तळातून येणारे बुडबुडे आत घ्यायचे. दोन बोटं पाणी उरलं की पाण्याखालीच रबरी बूच ठोकायचं. बाहेरची हवा शिरली, की सगळं मुसळ केरात.

प्रयोगशाळेतल्या 'बुडबुडेवाल्या बाई' हे बावीस वर्षं करतायत. जमिनीखालच्या खडकांत युरेनियम आणि थोरियमचे अणू फार सावकाश फुटत जातात, त्यातून हेलियम तयार होतो आणि भेगांतून वर येतो. पुरेसा असेल तर तिथे विंधण घेऊन वायू काढतात आणि तो इतका थंड करतात, की बाकीचे वायू द्रव होतात. हेलियम तेवढा दाद देत नाही.

त्यासाठी झऱ्याच्या वायूत शंभरात अर्धा भाग तरी हेलियम असावा लागतो. बाईंनी सात वर्षं नजर ठेवलेल्या झऱ्याचा आकडा त्याच्या पावपटही आला नाही.

"विंधणाच्या यादीतून काढतोय," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले.

"झरा खोटं बोलत नाही, साहेब. चूक माझी असेल. नमुने पुन्हा आणते."

"सोमवारपर्यंत."

जीप चालवायला धाकटा दीर. निघताना तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही कसल्या चुकताय! मागच्या वेळी पेटीत बाटल्या उपड्या पडल्या होत्या, त्याही मी नीट सरळ लावल्या."

बाईंनी कपाळाला हात लावला. "धन्य आहात, भावोजी!"

बाटली उपडी असली, की उरलेलं पाणी बुचावर पहारा देतं. सरळ केली, की वायू थेट रबराला भिडतो आणि हेलियम त्यातूनही निसटतो. बाटल्या तशाच दहा दिवस फळीवर होत्या.

या खेपेला बाईंनी दीड दिवसात बारा बाटल्या भरल्या. मनगट भाजलं, तरी उठल्या नाहीत. परतताना पेटी धरून मागे बसल्या.

"पुढे बसा ना, वहिनी."

"तुम्ही गाडी सरळ ठेवा. बाटल्या मी उपड्या ठेवते."

सोमवारी आकडा आला: शंभरात एक भाग. झरा यादीत राहिला. साहेब विंधणाच्या कागदावर सही करत होते, तेव्हा बाईंनी विचारलं,

"साहेब, हेलियम खाली जेवढा तयार होतो तेवढाच वर येतोय, की लाखो वर्षांचा साठा आपण उपसणार?"