दोघांची हवा

बशीरचाचा गिऱ्हाइकाशी बोलण्याआधी टायरशी बोलत. गाडी दुकानापुढे थांबली की ते स्टुलावरून सावकाश उठायचे, मालकाकडे न बघता मागच्या चाकापाशी उकिडवे बसायचे, टायरवर तळवा ठेवायचे आणि डोळे मिटायचे. चांगलं मिनिटभर. एखाद्या उतावळ्याने हॉर्न वाजवला तर डोळे न उघडताच म्हणायचे, "ठैरो ना मियाँ. आधी त्याचं ऐकून घेतो, मंग तुमचं."

चाचा गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांचं दुकान दौलताबादच्या रस्त्यावर होतं, छावणी संपता संपता. पत्र्याची शेड, पुढे कडुलिंब, टायरांच्या चळती, आणि एक म्हातारा कॉम्प्रेसर, जो मधूनच जागा होऊन धडधडायचा आणि पुन्हा झोपी जायचा. दुपारी तिथे बसलं की रबराचा वास, लिंबाची सावली आणि चाचांचा संथ आवाज यांनी डोळ्यांवर हळूहळू गुंगी चढायची. समोरचा रस्ता उन्हात पाण्यासारखा हलायचा. मी पहिल्यांदा गेले ती अशाच एका एप्रिलच्या दुपारी, बाबांची गाडी घेऊन.

गाडीबद्दल सांगायला हवं. बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. सगळी नोकरी त्यांनी स्कूटरवर काढली आणि ती स्कूटरही चाळीसच्या वर कधी नेली नाही. निवृत्त झाले आणि एक दिवस पुण्याहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेऊन दारात उभे राहिले. निळी, बुटकी, दोनच माणसांची, मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद. आई म्हणाली, "म्हातारचळ लागलाय." मी तिच्याही पुढे गेले. लोक काय म्हणतील, या वयात शोभतं का, असं सगळं ऐकवून 'मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही' असं जाहीर केलं. आमच्या घरात दिलेला शब्द पाळायची फार वाईट खोड आहे. मी तो चार वर्षं पाळला, आणि मग बाबाच गेले.

वर्षभर गाडी अंगणात झाकून पडली होती. शेवटी नाशिकचं एक गिऱ्हाईक मिळालं. त्याची अट एकच, मागचे टायर गुळगुळीत झालेत ते बदलून द्या. बाबा टायरचं सगळं बशीरभाईंकडे करायचे एवढं ऐकून माहीत होतं, म्हणून मी तिथे गेले.

चाचांनी तळवा ठेवला, डोळे मिटले आणि तसंच विचारलं, "लई दिवसांनी गाडी आली. इंजिनेर साब नाय आले?"

मी सांगितलं. त्यांचा हात टायरवरच राहिला. ओठांत काहीतरी पुटपुटले, बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "चहा घे बेटा. टायर कुठं पळून नाय जात."

चहा झाल्यावर त्यांनी तीन टायर माझ्यापुढे उभे केले. एखाद्या घरी मुलगी दाखवतात तितक्या अदबीने त्यांची ओळख करून दिली. "हा मऊ. रस्त्याला चिकटून पळतो, मगर आपल्या उन्हात लई लवकर झिजतो. साबांना ह्योच पसंत. हा कडक. वर्षानुवर्षं पळंल, सस्ता बी हाय, पर पावसात घाटामंदी ब्रेक मारला का मागचं अंग फेकून देतो. आन् हा मधला." मग माझ्याकडे पाहिलं. "विकायची का चालवायची?"

"विकायचीय. कडकच द्या."

"विकली तरी चालवणारा माणूसच असणार ना बेटा? त्याच्या बी घरी कुणी वाट बघत असंल."

"त्याचं तो बघेल," मी म्हणाले. बोलताना मला स्वतःचीच लाज वाटली, पण गाडी एकदाची डोळ्यांसमोरून जायला हवी होती. चाचांनी वाद घातला नाही. जॅक लावला, चाक उतरवलं, टायर काढून उजेडात आणला.

मी उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "याच्या कडांची नक्षी तर शाबूत आहे. मधेच टक्कल का पडलंय?"

"हवा जास्त. जास्त हवा भरली का टायर मधून फुगतो, मंग मधल्या पट्टीवरच चालतो."

"घ्या! आयुष्यभर इंजिनिअरकी केली आणि एवढं कळलं नाही?" मी हसले.

चाचा हसले नाहीत. "कळत व्हतं. गाडीच्या दरवाज्यावर लिवलेलं असतं, एकटा असला तर हवा इतकी, दोघं असले तर इतकी. साब दर जुम्म्याला यायचे. अकेले. आन् म्हणायचे, दोघांची भरा. मी म्हणायचो, साब, बाजूची सीट खाली हाय, टायर खराब होतोय. तर म्हणायचे, होऊ द्या बशीरभाई. पोरगी आज ना उद्या बसंल. ऐन वेळी हवेसाठी खोळंबा नको."

मी त्या गुळगुळीत पट्टीकडे पाहत राहिले. मग मला रडू आवरेना. चार वर्षं दर शुक्रवारी ते दारातून "येतेस का गं?" असं विचारायचे, आणि मी पेपरातून डोकंसुद्धा वर काढत नसे. चाचा पाठ करून बसले आणि स्वच्छ असलेला पाना पुन्हा पुन्हा पुसू लागले.

मग त्यांनी विचारलं, "कुठला लावू?"

"मधला. चालवायचीय."

नाशिकच्या माणसाला तिथूनच फोन करून नाही म्हटलं. टायर चढले. चाचांनी हवेची नळी उचलली तेव्हा मी म्हणाले, "दोघांची भरा चाचा."

"नाय." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "एकटी आलीस, एकटीची भरणार. खाली सीटसाठी हवा भरून साबांनी चांगला टायर घालवला. तुला कुणाला बसवायचं असंल तर घेऊन ये. दोन मिनिटांचं काम हाय. मी हितंच हाय."

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती ओट्याकडे तोंड करून नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी चार वाजता मात्र पर्स घेऊन, चांगली साडी नेसून दारात हजर. गाडी इतकी बुटकी की तिला आत बसवताना आम्ही दोघी हसून बेजार झालो.

चाचांनी तिला सलाम केला आणि काही न विचारता चारही चाकांत हवा भरली. आईने काच खाली केली.

"हे इथून पुढे कुठे जायचे हो?"

"घाट चढून वर, भाभी. खुलताबादपर्यंत. थोडा वेळ गाडी उभी करून बसायचे, आन् परत."

आईने काच वर केली. पट्टा ओढला, तो कुठे अडकवायचा ते शोधून अडकवला, पर्स मांडीवर नीट ठेवली आणि समोर बघत मला म्हणाली, "चल."