गाण्याआधीची नावं

आबांची एकच तबकडी बाजारात आली आणि तिच्यावरची दोन्ही गाणी त्यांची म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गळा त्यांचा, चाल त्यांची. पण कंपनीने त्यांना मुंबईला नेलं, हातातलं तुणतुणं काढून कोपऱ्यात ठेवलं, मागे व्हायोलिनवाले बसवले आणि धरणाचं कडवं गाळून तिथे कुणा पाटलाच्या लेकीच्या नथीचं कडवं घुसडलं. ज्या माणसाचं घर पाण्याखाली गेलं त्याने नथीवर गायचं. मी तेव्हा पत्रक काढलं होतं, ‘गळा आमचा, कात्री कुणाची?’ त्यातला एकही शब्द मी आज मागे घेणार नाही. त्याखाली एक ओळ मात्र वाढवायची राहिली आहे, ती इथे लिहितो.

आबा रेल्वेत गँगमन होते, घाटातल्या रुळांवर. त्यांची वाडी मावळातल्या धरणाने बुडवली. त्यांचं तुणतुणं साधं नव्हतं. लोणावळ्यातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने त्याच्या डब्यात टेलिफोनमधला आवाज पकडणारा तुकडा बसवून दिला होता आणि त्याची वायर कर्ण्याला जोडलेली. ट्रकच्या बॅटरीवर ते सुरू झालं की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज निघायचा. पुण्यातले जाणकार म्हणाले, हा लोककलेचा विटाळ आहे. रेडिओवाल्यांनी आवाज ‘प्रसारणयोग्य नाही’ असं कळवलं. आणि आमच्या औंढ्याच्या आसपासची पोरं त्या आवाजासाठी तीन-तीन कोस चालत जायची. त्यात मीही होतो.

म्हणून मी ठरवलं की ही गाणी मी जमवायची. आमच्या धरणग्रस्तांच्या चळवळीचा एक बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर होता, सभेतली भाषणं भरून घ्यायला आणलेला. तो सायकलला बांधून मी आबांच्या मागे फिरलो. लोहगडवाडीच्या देवळापुढे, देहूरोडच्या मजुरांच्या चाळीत, उठवलेल्या वाड्यांना दिलेल्या वसाहतीच्या उघड्या माळावर. फितीचे अकरा स्पूल झाले. जगात कुठे नाहीत अशी गाणी माझ्या पत्र्याच्या पेटीत होती आणि त्याचा मला माज होता, हे कबूल करतो.

लोणावळ्यात आणखी एक माणूस आबांना भरून घेतो हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मुंबईचा एक शेठ, शनिवार-रविवार बंगल्यावर यायचा. त्याच्याकडे परदेशी मशीन. एका दुपारी त्याने आबांना व्हरांड्यात बसवून गाऊन घेतलं आणि चहा पाजून परत पाठवलं. मी पत्रकात त्याला ‘आवाजाचा सावकार’ म्हटलं आणि पत्रक त्याच्या फाटकाला चिकटवून आलो.

मागच्या साली आबा छातीच्या दुखण्याने गेले. पुढच्या चैत्रात वसाहतीची जत्रा आली आणि जत्रेच्या चार आठवडे आधी भाऊ माझ्या दारात आले.

भाऊ म्हणजे आबांचे झीलकरी. आबांच्या मागे उभं राहून सूर धरायचा आणि ओळीला जबाब द्यायचा. देहूरोडच्या डेपोत हमाली करून उरलेलं सारं आयुष्य त्यांनी त्यात घातलेलं.

“तुज्याकडं समद्या टेपा हायेत म्हनं,” ते म्हणाले.

“सगळ्या.”

“मंग हाकारा ऐकव.”

आबा कुठेही गायला उभे राहिले की आधी हाकारा घालायचे. बुडालेल्या वाड्यांच्या एकेका देवाला नाव घेऊन जत्रेला बोलवायचं. तुळजापूर-जेजुरीचे मोठे देव नव्हेत. उंबराच्या पाण्यावरची वाघजाई, खालच्या खाचरातला म्हसोबा, वाटेवरच्या तीन दगडांची आई. प्रत्येक नावानंतर मागून झील यायची, ‘यावं जी यावं’. सगळे बोलावल्याशिवाय नारळ फुटत नसे. ज्याला बोलावलं नाही तो रुसतो आणि जत्रा झाली असं कुणी धरत नाही.

“तुम्ही इतकी वर्षं मागे उभे होतात. तुम्हाला पाठ नाही?” मी विचारलं.

“मी निस्तं ‘यावं’ म्हनायचो. नावं त्याची, यावं माजं. त्यानं माज्या तोंडाकडं बगितलं न् मी त्याच्या, आसं चाललं. आता मोजाया बसलो तर निम्म्याच्या वर जात न्हाई.” मग म्हणाले, “दगूड पान्यात गेलं, झाडं पान्यात गेली. आता द्येव हाये त्यो नावात. त्ये बी गेलं तर मंग काय ऱ्हायलं?”

मी पेटी उघडली. पहिला स्पूल लावला. खट्‌ आवाज झाला आणि धरणाचं गाणं सुरू झालं. दुसरा लावला. खट्‌, गाणं. पाचव्यापर्यंत माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

कारण तो खटका माझ्या बोटाचा होता. टेप मिळायची मारामार, आणि आम्ही पत्रकं वाचून शहाणे झालेले. हाकारा म्हणजे देवभोळेपणा, त्यावर फीत कशाला घालवायची? आबा हाकारा घालत असताना मी बिडी ओढत उभा राहायचो आणि गाणं सुरू व्हायच्या बेताला बटण दाबायचो. चार-दोन वेळा घाई झाली होती, तेवढ्या स्पूलांवर शेवटचं एखादं नाव आणि भाऊंचं ‘यावं जी यावं’ सापडलं. अकरा स्पूल मिळून तीन देव.

“तू बी कापलंस व्हय,” भाऊ म्हणाले. त्यांनी ओरडायला हवं होतं. ते टोपी झाडून उठले.

कंपनीने एक कडवं गाळलं म्हणून मी गावभर ओरडलो होतो. इथे मी बुडालेल्या वाड्यांचा नकाशाच गाळला होता, तोही फुकट, कुणी न सांगता. कुठे पाणी होतं, कुठे खाचर, कुठली वाट कुठे फुटत होती, हे सगळं त्या नावांत होतं. सरकारी मोजणीत यातला एक दगड नव्हता. आम्ही बुडालेल्या जमिनींचे पुरावे मागत हिंडत होतो आणि पुरावा समोर गात असताना मी बिडी ओढत होतो.

मग उरला तो शेठ. मला त्याच्या फाटकात पाय ठेवायचा नव्हता. भाऊ म्हणाले, “तुला लाज वाटती तर तू भाईर थांब. मला न्हाई वाटत.” रविवारी सकाळी आम्ही दोघंही आत गेलो.

शेठने मला ओळखलं. “तुम्ही ते सावकारवाले ना?”

“होय.”

“बसा.” भाऊंचं बोलणं ऐकून त्याने कपाटातून स्पूल काढला. “त्या दिवशी पहिले खूप वेळ ते काय तरी बोलत होते. मला तुमची मराठी तेवढी येत नाही. गाणं कुठून सुरू होतं ते समजत नव्हतं, म्हणून मी मशीन बंदच नाही केलं.”

मला समजत होतं, म्हणून मी बंद ठेवलं होतं. हा हिशेब कुठल्या पत्रकात बसवायचा ते मला अजून सुचलेलं नाही.

स्पूल फिरू लागला. तुणतुण्याची गारपीट आली आणि आबांनी पहिला हाकारा घातला, उंबराच्या पाण्यावरच्या वाघजाईला. आणि ते थांबले. त्या दिवशी भाऊ डेपोत कामावर होते, व्हरांड्यात झील द्यायला कुणी नव्हतं. तरी आबांनी झिलेची जागा मोकळी सोडली होती. टेपवर नुसती खरखर. माझ्या शेजारी खाली फरशीवर बसलेले भाऊ हळूच म्हणाले, “यावं जी यावं.” आबा पुढच्या नावाकडे गेले. पुन्हा जागा, पुन्हा भाऊ. शेवटपर्यंत एकही जागा रिकामी गेली नाही.

मी शेठला म्हणालो, ही टेप आमची आहे, ती द्या. तो म्हणाला, ऐकायला कधीही या, टेप मिळणार नाही, उतरवूनही नाही. मी आवाज चढवला. भाऊंनी माझा दंड धरला. “तू गप ऱ्हा. भांडान मंग कर. शेट, पुन्यांदा लावा.”

आम्ही चार रविवार गेलो. भाऊ ऐकायचे, ओठ हलवायचे, परत येताना स्टेशनापर्यंत नावं घोळायचे. मी लिहून घेऊ लागलो तर म्हणाले, “लिव. पर कागूद हाका मारत न्हाई.”

जत्रेच्या दिवशी भर दुपारी, माळावर, भाऊ पुढे उभे राहिले. हातात आबांचं तुणतुणं, वायरसकट. मी माणसं गोळा व्हायच्या आधीच टेपरेकॉर्डर सुरू करून ठेवला होता. भाऊंनी वाघजाईला हाक मारली आणि थांबले. कुणीच काही म्हणेना. झील द्यायचं काम कायम भाऊंचंच होतं, दुसऱ्या कुणी ते शिकायचं कारणच पडलं नव्हतं. भाऊंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

“आरं, म्हन की.”

मी देव मानत नाही. त्या दिवशीही मानत नव्हतो. मी म्हणालो, “यावं जी यावं.” माझा सूर घोषणा दिल्यासारखा लागला आणि पुढच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या नावाला त्याही म्हणू लागल्या.

हाकारा संपता संपता माझी फीत संपली. गाणी तिच्यावर आलीच नाहीत. भाऊ म्हणाले, “गानी हायेत की तुज्याकडं.”

शेठच्या कपाटातली टेप मी सोडलेली नाही. तिच्यासाठी मी भांडणार आहे, आणि कंपनीशीही. हा माझा बारावा स्पूल मात्र ज्याला हवा त्याने येऊन उतरवून न्यावा. माझा बेसूर आवाज ऐकावा लागेल. सुरुवात कापायची नाही, एवढंच.