लेखी खुलासा

त्या वर्षी आमची पलटण नियंत्रण रेषेवर होती. मी कंधार तालुक्यातला, तेव्हा हवालदार. कंपनीच्या कमांड पोस्टवर टेलिफोन आणि लॉगबुक माझ्याकडे असायचं. कोणता निरोप किती वाजता आला आणि कोणी दिला, ते त्या वहीत लिहायचं. नायक सिद्धार्थ आमचा लाइनमन, मुदखेडजवळच्या खेड्यातला. कमांड पोस्टपासून पुढच्या पोस्टपर्यंत टेलिफोनची तार गेलेली होती. ती शाबूत ठेवणं हे त्याचं काम.

आम्ही दोघं नांदेडला एकाच कॉलेजात होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या मलाच खुलासा मागतील. दुसऱ्या वर्षाला असताना दोघंही भरतीत निघालो आणि बी.ए. अर्धवट राहिलं. मी ते सोडून दिलं. सिद्धार्थनं कायमचं सोडलं नाही, नायक झाल्यावर पुन्हा धरलं. बाहेरून फॉर्म भरत, सुटी मिळेल तसा एकेक पेपर देत त्यानं सात वर्षं काढली. त्याच्या घरात तोवर कोणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. शेवटी राज्यशास्त्राचा एकच पेपर उरला.

कॉलेजशी त्याचा संबंध होता तो लायब्ररीतल्या शेख चाचांमुळे. पुस्तक पोस्टवर कुठून मिळणार? चाचा पानांचे फोटो काढून पाठवायचे. मागच्या बेसवर आलं की फोन वापरायला ठरलेला वेळ मिळायचा. तिथं एका दगडावर उभं राहिलं तरच नेटवर्क यायचं. सिद्धार्थ त्या दगडावर उभा राहून पानं उतरवून घ्यायचा. चाचांचा अंगठा प्रत्येक फोटोत. एकदा त्यानं विचारलं, "चाचा, अंगठ्याखाली काय लिहिलंय?" उत्तर आलं, "बेटा, वो इम्पॉर्टंट नै है."

दुसरा संबंध कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा. त्याच्याबद्दल बरं लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. सीमेवर गोळाबारीची बातमी आली की ग्रुपवर सगळे सेनापती. कोणी म्हणायचं घुसा, कोणी म्हणायचं एकदाच काय ते मिटवून टाका. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. प्राचार्यांनी स्नेहसंमेलनासाठी व्हिडिओ मागितला. दोन मिनिटांचा, मागे बर्फ आणि हातात बंदूक दिसली पाहिजे. एकदा नाही, तीनदा मागितला. सिद्धार्थनं लिहिलं, "सर, बंदूक ड्युटीवर आहे. मोजे वाळत घातलेत, ते चालतील का?" त्यावर कोणी हसलं नाही. पेपरची तारीख कधी लागेल, हे त्यानं त्याच ग्रुपवर चार वेळा विचारलं होतं. त्याला उत्तर आलं नाही.

तारीख लागली. मे महिना, मंगळवार, दुपारी दोन ते पाच. सिद्धार्थची दहा दिवसांची रजा मंजूर झाली. त्यानं पेटीत हॉल तिकीट ठेवलं, दोन पेन ठेवले. मग वातावरण तापलं आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. त्यानं पेटी उघडली, सामान परत मांडलं आणि तारेचं रीळ घेऊन कामाला गेला. आमचे कंपनी कमांडर होते मेजर साहेब, त्यांनी स्वतः कॉलेजला पत्र लिहिलं: हा जवान कर्तव्यावर असल्यामुळे परीक्षेला येऊ शकत नाही, तशी नोंद घ्यावी आणि पुढची सोय करावी. पाकिटावर पत्ता मी घातला. पत्र रजिस्टर पोस्टानं गेलं.

त्या मंगळवारी दुपारी पावणेदोनला समोरून मॉर्टर सुरू झाले. १३.५२ ला पुढच्या पोस्टचा टेलिफोन बंद पडला. तिथं आमची सहा माणसं होती. त्यांच्या वायरलेसचा एरियल आधीच उडाला होता. गोळे कुठून येतात हे फक्त त्यांनाच दिसत होतं, आणि ते आता सांगू शकत नव्हते.

मेजर साहेबांनी विचारलं, "कौन जाएगा?"

सिद्धार्थ उभाच होता. "साहब, लाइन मेरी है."

"परमिशन है. जाओ."

लॉगमध्ये मी लिहिलं: १३.५५, नायक सिद्धार्थ, लाइन दुरुस्ती, कंपनी कमांडरच्या हुकमानं रवाना. हे वाक्य वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

अर्धा तास मी रिसीव्हर कानाला लावून बसलो. पलीकडे काहीच नव्हतं. मग खरखर झाली आणि आवाज आला. त्यानं मध्येच तारेला टेस्ट फोन लावला होता. अल्फा म्हणजे आमची कंपनी.

"हॅलो अल्फा. लाइन ओके. टाइम लिखो."

"चौदा पच्चीस."

पुढच्या पोस्टनंही हॅलो दिला. मेजर साहेबांनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला, त्यांच्याकडून समोरच्या मॉर्टरच्या जागेचे आकडे घेतले आणि आमचे मॉर्टर सुरू झाले. रिसीव्हर परत माझ्याकडे आला तेव्हा सिद्धार्थ अजून लाइनवर होता. लाइनवर मराठी बोलायची नसते. तो बोलला.

"माधव, पेपर सुरू झाला असंल रे."

"हाव. तू माघारी ये आधी."

"येऊन राहिलो."

तार ज्या नाल्यातून जायची, त्या नाल्यात १४.३१ ला एक गोळा पडला. १४.३८ ला पुढच्या पोस्टनं त्याच लाइनवरून कळवलं की लाइनमन पडलाय, हालचाल नाही. लाइन मात्र संध्याकाळपर्यंत चालू राहिली. पुढची सहाच्या सहा माणसं जिवंत खाली आली. सिद्धार्थला आम्ही अंधार पडायच्या आत आणलं. त्याच्या खिशात तार सोलायची पक्कड होती आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पान होतं, चाचांच्या फोटोवरून हातानं उतरवलेलं.

गावात अंत्यसंस्कार झाले. सलामी झाली. कॉलेजनं चौकात बॅनर लावला, "आमच्या महाविद्यालयाचा सुपुत्र". ज्या पोराच्या तारखेला चार वेळा उत्तर दिलं नाही, तो सात दिवसांत सुपुत्र झाला. पंधरा दिवसांनी आमच्या रजिस्टर पत्राची पोचपावती पलटणीत आली. त्यावर कॉलेजचा गोल शिक्का होता आणि तारीख पेपरच्या सहा दिवस आधीची होती. म्हणजे पत्र मिळालं होतं. ती पावती मी लॉगच्या नकलेसोबत जपून ठेवली. का ठेवली, ते तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या जानेवारीत मी निवृत्त झालो. लातूरला एका बँकेत पहाऱ्याची नोकरी धरली. महिनाभरात कॉलेजातून फोन आला. वाचनकक्षाला सिद्धार्थचं नाव द्यायचं आहे, त्याच्या आईचा सत्कार करायचा आहे, आणि ती येत नाही म्हणते. तुम्ही समजूत घाला.

मी लातूरहून निघून सिद्धार्थचं गाव गाठलं. त्याची माय घरीच होती. मी "जय भीम, माय" म्हणालो. तिनं पाणी दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"कॉलेजात न्हाई येत मी," ती म्हणाली. "चार मानसांत मला इचारतील."

"काय विचारतील?"

ती उठली. ट्रंक उघडली, सिद्धार्थचा गणवेश बाजूला केला आणि खालून एक कागद काढला. कॉलेजच्या छापील नोटिशीचा नमुना होता तो. नाव आणि तारीख तेवढी पेनानं भरलेली. "आपला पाल्य दि. — रोजी विनापरवानगी गैरहजर राहिला आहे. आठ दिवसांत लेखी खुलासा करावा." खाली गोल शिक्का. शिक्क्याखालची तारीख अंत्यसंस्कारानंतरची.

मायला वाचता येत नाही. कागद आणणाऱ्या पोस्टमनला तिनं दारातच विचारलं होतं, काय लिवलंय. त्यानं ओळ वाचली आणि सायकलवर बसून पुढे गेला. शिक्का गोल होता, म्हणून तिनं तो सरकारचा कागद मानला. दि.च्या पुढे पेनानं घातलेली तारीख सिद्धार्थ पडला त्याच दिवसाची होती.

"माधवा, खरं सांग," ती म्हणाली. "माजं लेकरू तिथं नव्हतं का? पळालं व्हतं का ते?"

आठ महिने ती हे पोटात घेऊन जगत होती. कोणाला दाखवलं नाही. लेकराची बदनामी नको म्हणून त्याच्याच कपड्याखाली लपवून ठेवलं.

फौजेत विनापरवानगी गैरहजर हा गुन्हा आहे. त्यासाठी माणसाला शिक्षा होते, आयुष्यभराचा डाग लागतो. मी वीस वर्षं नोकरी केली, गोळे खाल्ले, शिव्या खाल्ल्या, पण त्या दुपारी मला जेवढा राग आला तेवढा शत्रूचाही कधी आला नाही. शत्रू निदान समोरून मारतो.

मी तिला सगळं सांगितलं. मिनिटासकट. तिनं दोनदा ऐकलं. मग विचारलं, "परवानगी कुनी देल्ती?"

"मेजर साहेबांनी. माझ्यासमोर."

"मंग ह्यांनी खुलासा मागितलाय, तर देऊ की. तू लिव्ह."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. हेड क्लार्कसमोर नोटीस ठेवली. त्यानं चष्मा वर केला.

"फॉर्मॅट हाय हे. पेपरला जे न्हाई आले त्या सगळ्यायला जातंय."

"आणि आमचं पत्र?"

"आवकला नोंद असंल."

नोंद होती. पाकीट शेख चाचांनी शोधून आणलं, परीक्षा विभागाच्या कपाटातून. माझ्याच अक्षरातला पत्ता. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. चाचांनी ते दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "मेरेकू मालूम रहता तो मैं खोलता था, बेटा." ते म्हातारे त्याची माफी मागत होते, आणि ज्यांनी मागायला हवी होती ते चहा घेता का विचारत होते. मी चहा घेतला नाही.

समारंभाला माय आली. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. मंडपात हारतुरे, भाषणं, मागे सिद्धार्थचा मोठा फोटो. प्राचार्य त्याच्या हौतात्म्यावर बराच वेळ बोलले. मग शाल आणि नारळ घेऊन मायकडे वळले. तिनं हात पुढे केला, पण शालीसाठी नाही. पिशवीतून दोन कागद काढले, कॉलेजची नोटीस आणि आमचा खुलासा, त्याला ते न फोडलेलं पाकीट टाचलेलं.

"तुमी खुलासा मागितला व्हता," ती म्हणाली. माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "आनलाय. आधी हे घ्या. मोठ्यानं वाचा."

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सावधानमध्ये उभा होतो. मदतीला जायची माझी अजिबात इच्छा नव्हती. त्यांनी आधी आपली नोटीस वाचली. मग खुलासा वाचला:

"माझा मुलगा नायक सिद्धार्थ हा सदर दिवशी १३.५५ वाजता कंपनी कमांडरच्या परवानगीने लाइन दुरुस्तीस गेला. १४.२५ वाजता लाइन चालू केल्याचा रिपोर्ट दिला. १४.३१ वाजता गोळा पडला. लाइन चालू राहिली. सहा माणसे वाचली. तो गैरहजर नव्हता. कळविल्याचे पत्र सोबत जोडले आहे, ते आपण उघडले नव्हते. करिता खुलासा सादर." खाली मायच्या डाव्या अंगठ्याचा ठसा.

मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. बरं केलं.

प्राचार्यांनी कागदाची घडी घातली आणि पुन्हा शाल उचलली. माय हलली नाही.

"पोच द्या," ती म्हणाली.

"आई, आत्ता..."

"कागुद देला की पोच घेत्यात. माधवानं सांगितलंय."

हेड क्लार्कला ऑफिसातून शिक्का आणायला धाडलं. तो येईपर्यंत पाहुणे, प्राध्यापक, मुलं, सगळे थांबले. माय आपल्या मुलाच्या फोटोखाली उभी राहिली. मायनं पिशवीतून खुलाशाची दुसरी प्रत काढून दिली, तिच्यावर शिक्का बसला, "मिळाले" असं लिहिलं गेलं, सही झाली. तिनं तो शिक्का बोटानं चाचपला आणि मगच शालीसाठी खांदा पुढे केला.

शाल तिनं घरी जाताना शेख चाचांना दिली. नोटीस तिनं परत मागून घेतली होती, ती चुलीत घातली. पोच असलेली ती प्रत सिद्धार्थच्या फोटोशेजारी काचेत लावली आहे. कोणी घरी आलं की ती त्यांना तिथं उभं करते आणि वाचायला लावते. वाचणारा 'तो गैरहजर नव्हता' या ओळीवर आला की ती त्याला थांबवते आणि म्हणते, "हे परत वाचा."