तार जोडणारीची चाळिशी

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. पण हात चांगला आहे. बावीस वर्षं मी पुण्याच्या कडेला एका सूतगिरणीत सायडर आहे. सायडर म्हणजे काय, असं नातेवाईक अजून विचारतात. सूत कातणाऱ्या लांबलचक यंत्राची एक बाजू सांभाळायची. त्या बाजूला शेकडो चात्या, सूत गुंडाळणाऱ्या उभ्या सळ्या, गरगरत असतात, प्रत्येक चातीवर एक तार, म्हणजे सुताचा धागा, आणि कुठली ना कुठली तार सारखी तुटत असते. तुटली की जोडायची. यंत्र थांबवायचं नाही.

"एवढंच?" असं माझ्या जावेने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "हो, एवढंच. तू पोळ्या लाटतेस, तेही एवढंच." त्यानंतर तिने विचारलं नाही.

करून बघा म्हणावं. गुडघ्याने दाबून ती एक चाती थांबवायची, तिच्यावरच्या नळीवर, बॉबिनवर, तुटलेलं टोक शोधायचं, बारीकशा कड्यातून ओवून वर आणायचं, आणि वरच्या रुळांमधून कापसाची जी हलकी धार उतरत असते, तिला ते टोक नुसतं टेकवायचं. गाठ मारायची नाही. चाती सोडली की पीळ आपोआप वर चढतो आणि दोन्ही एक होतात. सगळं मिळून चार-पाच सेकंद. नीट टेकलं तर जोड कुठे आहे ते मलासुद्धा सापडत नाही. चुकलं तर तिथे गुठळी राहते आणि ती थेट कापडात जाते. कुणाच्या तरी नव्या शर्टाच्या ऐन पाठीवर.

माझ्या सुताला गुठळी नसते, हे गिरणीत सगळ्यांना माहीत होतं. नवीन आलेल्या मुलींना सांगायचे, त्या बाईंचा हात बघा, तोंडाकडे लक्ष देऊ नका. मला दोन्हीचा अभिमान होता.

मग गेल्या वर्षी तक्रारी सुरू झाल्या. आमच्या पुढच्या खात्यात बॉबिनवरचं सूत शंकूसारख्या मोठ्या कोनांवर गुंडाळतात. तिथलं यंत्र गुठळी आली की सूत कापून टाकतं. कुणाच्या बाजूचं सूत किती वेळा कापलं गेलं, ते तिथे दिसतं. माझं सगळ्यात जास्त. मी खवळले. मी म्हणाले, कापूस वाईट आहे. हवेत ओल कमी आहे म्हणाले. कडी झिजली असतील म्हणाले. फिटरने दोनदा यंत्र उघडलं. तिसऱ्यांदा बोलावलं तर म्हणाला, "ताई, आता याचं बाळंतपण तेवढं करायचं राहिलंय."

मला माहीत नव्हतं का? होतं. मला चाळिशी लागली होती. जवळचं सगळं धुक्यात असल्यासारखं दिसायचं. घरी सुईत दोरा ओवायचा असला की मी मुलीला हाक मारायची आणि वर तिलाच ऐकवायची, "एवढं तरी शीक." गिरणीत मी बोटांवर काम रेटत होते. बॉबिनवरचं टोक बोटाला लागतं. पण ती कापसाची धार बोटाला लागत नाही, ती डोळ्यालाच दिसावी लागते. मी अंदाजाने टेकवत होते.

चष्मा घ्यायला काय झालं होतं? सांगते. आमच्याकडे डोळ्यांची तपासणी होते. जिला जवळचं दिसत नाही तिची बदली वेस्ट खात्यात. झाडून आणलेला खराब कापूस निवडत बसायचं. पगार तोच, बसायला बाकडं, वर पंखा. कुणी म्हणेल, बरं आहे की. मला नाही बरं वाटत. तिथे तारेला हात लागत नाही. गिरणीत राहून तार जोडायची नाही, तर मी तिथे जायचं कशाला? चष्मा लावणारी सायडर आमच्याकडे तोवर एकही नव्हती. खात्यात पाण्याचा फवारा सारखा चालू असतो, काचा ओल्या होतात, त्यावर कापूस चिकटतो. शिवाय एका चष्म्याने किती अंतरं सांभाळायची? म्हणून मागच्या तपासणीत मी माझ्या पुढच्या बाईने वाचलेली अक्षरं ऐकून पाठ केली आणि घडाघडा म्हणून दाखवली. पास.

आमचे साहेब तिशीतले आहेत. मला मावशी म्हणायचे, मी एकदा रोखून बघितल्यावर ताई म्हणायला लागले. त्यांनी एक दिवस मला आणि शेजारच्या बाजूच्या बाईला टेस्टिंगच्या खोलीत बोलावलं. ही शेजारीण यवतमाळकडची, माझ्याच वयाची, पंधरा वर्षं माझ्या शेजारी काम करते. टेबलावर दोन काळ्या पाट्या होत्या, एकीवर माझं सूत, एकीवर तिचं. सुताची परीक्षा अशीच करतात. काळ्या पाटीवर सूत ओळीने गुंडाळायचं, म्हणजे पांढरी गुठळी उठून दिसते.

"ही तुमची," साहेब म्हणाले. "बघा तुम्हीच."

मी ऐटीत पाटी उचलली. आणि काही कळायच्या आत माझा हात लांब गेला. पुरता लांब. मान मागे, डोळे बारीक. पाटी पार साहेबांच्या नाकाशी पोचली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडले असते. साहेबांनी पाटी हळूच माझ्या हातातून घेतली आणि विचारलं, "कधीपासून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षांची अब्रू त्या लांब केलेल्या हातावर. बाहेर आल्यावर शेजारीण म्हणाली, "मले ठाव होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुले सांगाची सोय हाय का? तू मलेच फाडून खाल्लं असतं." आणि मग तिने दुसरं सांगितलं. "वर्स झालं, तुह्या त्या टोकाकडच्या तारा मीच जोडून राहिली."

ज्या बाजूची मी शेखी मिरवत होते, ती अर्धी हिच्या हातची होती. स्वतःचं काम करून ही गुपचूप दोन यंत्रांमधल्या माझ्या गल्लीत येत होती आणि वर माझी बोलणी खात होती. मी जन्मात पहिल्यांदा तिचा हात धरला. ती म्हणाली, "आता रडू नको बाप्पा, तुले शोभत नाही."

तशीच परत आत गेले आणि साहेबांना म्हटलं, मला आठ दिवस द्या. चष्मा लावून बाजू सांभाळून दाखवते. आठव्या दिवशी पाटी बघा. नाही जमलं तर वेस्टला जाईन, तोंड उघडणार नाही. "शेवटचं जरा अवघड आहे," साहेब म्हणाले, पण आठ दिवस दिले.

गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद असतं, घरची कामं अडून राहतात. त्या गुरुवारी तडक चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "वाचता काय?" म्हटलं, "काही नाही. तार जोडते." "मग वाचायचा चष्मा कशाला?" मी त्याला हाताने मोजून दाखवलं. तार वीतभर पुढे. कापसाची धार येते ती वरची बॉबिन डोक्याच्या वर. आणि गल्लीचं दुसरं टोक पार त्या समोरच्या रसवंतीपर्यंत, तिथली तुटलेली तार इथून दिसली पाहिजे. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला चष्मा नको, दिव्यदृष्टी हवी." मी म्हटलं, "ती असती तर तुमच्याकडे आले असते का?" मग मात्र त्याने जीव लावून काच बनवली. खाली जवळचं, वर लांबचं, मधली रेघ माझ्या हाताच्या उंचीला.

पहिले दोन दिवस नुसते हाल. खाली बघितलं की जमीन वर यायची. काचांवर कापूस बसायचा. मी पदराला मलमलीचा तुकडा टाचला आणि दर फेरीला काचा पुसल्या. सुताची दोरी करून चष्मा मानेला बांधला. शेजारणीला बजावलं, माझ्या गल्लीत पाऊल टाकलंस तर बघ. ती लांबून बघत राहायची, माझी तार तुटली की तिचाच हात वर व्हायचा.

तिसऱ्या दिवशी मला ती धार दिसली. रुळांमधून उतरणारी, सायीसारखी. मी किती दिवसांत ती पाहिलीच नव्हती! टोक टेकवलं, चाती सोडली, पीळ चढला, जोड गेला. कुठे गेला ते शोधत मी तिथेच उभी राहिले आणि पलीकडे चार तारा तुटल्या. तुटू देत म्हटलं. पळत जाऊन जोडल्या त्याही.

आठव्या दिवशी साहेबांनी स्वतः येऊन माझ्या बाजूच्या बॉबिन निवडल्या. पाटीवर सूत गुंडाळलं, दिव्याखाली धरलं, वरून खाली पाहिलं. "स्वच्छ आहे," म्हणाले. "पास." शेजारीण दारात उभी होती, तिचा जीव भांड्यात पडला.

मी पाटी मागून घेतली. जवळ धरली, छातीशी. ओळीने बघत गेले. डावीकडून सातव्या तारेवर एक गुठळी होती. केसाएवढी. दारातून शेजारीण डोळ्यांनी खुणावत होती, चल, चल. मी बोट ठेवलं.

"साहेब, हे बघा."

ते वाकले. स्वतःचा चष्मा वर केला, खाली केला. "हे? हे कुणाला दिसणार ताई? मी पास म्हटलंय."

"तुम्ही म्हटलंत. मी अजून म्हटलेलं नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. मग कागद पुढे ओढला. "मग म्हणा. तुम्ही सांगाल ते लिहितो."

मी पाटी परत पहिल्या तारेपासून बघितली. शेजारणीने तोंडावर पदर धरला होता. दुसरी गुठळी नव्हती.

"पास," मी म्हटलं. "पण उद्या अशी आणखी एक दिसली तर मला विचारत बसायचं नाही. सरळ वेस्टला पाठवायचं."

साहेबांनी तेही लिहिलं. खाली सही मी केली.