कोपऱ्यातली कोरडी रिक्षा

भाड्याची रिक्षा चालवून कंटाळलेल्या द्रौपदीला मुलुंडच्या सरकारी लिलावातून एक जप्त रिक्षा स्वतःसाठी घ्यायची होती. पाहणीच्या वेळी इंजिन चालू करायला बंदी, म्हणून भंगारवाले टायरांना लाथा घालत होते. द्रौपदी थेट त्या आवाराच्या वॉचमनकाकांकडे गेली.

"हिला बघ, रिक्षा सोडून वॉचमन बघतेय!" एक भंगारवाला खिदळला.

"काका, पावसात दुपारी झोपायला कुठल्या रिक्षात आडवे होता?" द्रौपदीने विचारलं.

काका लाजले. "ती कोपऱ्यातली. टपातून थेंब गळत नाही, बाई."

इंजिन तिला दुरुस्त करता येत होतं. गंजलेला सांगाडा मात्र नाही, आणि ही तर आतून कोरडी होती. तिने त्याच रिक्षावर बोली लावली आणि ती जिंकली.

ताबा मिळाल्यावर तिने बॅटरी बदलली. इंजिन धडधडलं. मागच्या सीटवर काका उशी घेऊन बसलेलेच.

"आता मी झोपू कुठे गं?"

"पहिलं भाडं तुमचं. घरी सोडते, तिथे झोपा ना!"