सारख्या मानाची दोन नावं

टाइप करताना रेश्मा प्रत्येक नाव मोठ्यानं म्हणायची. कॉम्प्युटर अडला की त्याला 'अहो' म्हणायची. वीज गेली की आधी मॉनिटरवर टॉवेल टाकायची, मग मेणबत्ती शोधायची. मिठाईच्या पुड्याचा दोरा केसांना बांधायची. कुणी भांडायला आलं की चहा मागवायची.

बारामतीत स्टँडजवळच्या छापखान्यात ती लग्नपत्रिका जुळवायची. निमंत्रकांची नावं मानाप्रमाणे लावणारा प्रोग्रॅम तिनं स्वतः लिहिला होता. शेजारी प्रुफं वाचणारा तिचा मित्र मानसिंग, बी.ए. मराठी, ते बघून थक्क व्हायचा.

सांगवीच्या शंभूराजच्या पत्रिकेत मात्र घोळ झाला. त्याचे दोन चुलत मामा, दत्तोबातात्या आणि आबासाहेब. मान सारखा, वयही सारखंच. पहिल्या प्रुफात तात्या वर होते. त्यांच्या नावातला एक 'त' सुटला होता. तो दुरुस्त केला, तर पुढच्या प्रुफात ते खाली गेले. दोघं एकेक प्रूफ घेऊन आले.

"पोरी, ह्यानं किती च्या पाजला तुला?" तात्या गरजले.

"यंत्राला कळतंय तात्या, माणूस कोण हाय ते," आबासाहेब म्हणाले.

पत्रिका इंदापूरला छापायची भाषा झाली. तसं झालं असतं तर मालक प्रोग्रॅम बंद करून पुन्हा हातानं नावं लावणार होते.

रेश्मानं चूक हुडकली. मान सारखा असला की प्रोग्रॅमला नियमच नव्हता. दुरुस्त केलेलं नाव मुकाट्यानं शेवटी जाऊन बसायचं. तिनं नियम घातला: मान सारखा, तर अकारविल्हे. मग कितीदाही छापा.

"म्हंजी 'आ' म्होरं, 'द' मागं?" तात्यांनी डोकं खाजवलं. "मग मला अप्पा लिव. घरात अप्पाच म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?" आबासाहेबांनी विचारलं.

"आजपास्नं म्हणतील!"

"तात्या, रेशनकार्डावरचं नाव धरणार," रेश्मा म्हणाली. "दोघांचंही."

आबासाहेबांचा चेहरा पडला. कार्डावर ते दगडू होते.

तात्यांनी टाळी वाजवली. "मग दगडू खाली जातोय का न्हाय?"

"नाही," रेश्मा म्हणाली. "दोघांचाही 'द'. पण 'ग' आधी, 'त' नंतर."

"ऱ्हाऊ दे वर!" हसून हसून तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण ठळक छाप. साऱ्या गावाला दिसू दे."

रेश्मानं पुन्हा पुन्हा छापून दाखवलं. दरवेळी दगडू वर, कंसात आबासाहेब. पत्रिका तिथंच छापली गेली. प्रोग्रॅमही राहिला.

पुढं डाळजचे ज्ञानदेव कुणाच्या तरी पत्रिकेत सारख्या मानाच्या नावांत आले आणि रेश्मा अडली. शाळेच्या मुळाक्षरांत 'ज्ञ' सगळ्यांत शेवटी. मानसिंगच्या शब्दकोशात तो 'ज'मध्येच. दोघं त्यावरून हातघाईवर आले.

"शाळा सगळ्यांनी पाहिलीय," रेश्मा म्हणायची, "कोश फक्त तू."

हा वाद मिटायच्या आत तिला पुण्यात नोकरी लागली. तो नियम लिहायचा राहून गेला; त्याच्या जागी तिनं नुसता प्रश्न घालून ठेवला. 'ज्ञ' आला की प्रोग्रॅम थांबायचा आणि पडद्यावर विचारायचा: 'ज'मध्ये घालू, की शेवटी?