सव्वादहाची नोंद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आत्ता लिहितानाही दाराकडे बघतेय. कुणाला घाबरतेय मी? वीस वर्षं होत आली.

भिवंडीजवळच्या वळ गावात, एका गोदामाच्या गच्चीवर आमचं काम चालायचं. उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रणा आपल्या भागात किती अचूक चालते, ते तपासायचं. गच्चीत एक पितळी खूण ठोकलेली होती, तिची खरी जागा आधीच मोजून ठेवलेली. खुणेच्या बरोबर वर तिपाई, तिच्यावर अँटेना. यंत्र सेकंदासेकंदाला आपली जागा नोंदवायचं; ती खऱ्या जागेपासून किती चुकते, ते आम्ही बघायचो. आठ दिवस अँटेना हलता कामा नये — एवढीच अट. मी डिप्लोमा करून नुकतीच लागले होते, तीन महिन्यांच्या बोलीवर.

गोदामाचे वॉचमन सलीमचाचा. नारपोलीत कापडाच्या लूमच्या खडखडाटात त्यांचे कान अर्धे गेलेले, म्हणून ही ड्युटी. मला वर एकटीला भीती वाटू नये म्हणून जिन्यात बसून राहायचे. माझ्या आईचा पाय मोडला होता, त्याचीही रोज चौकशी करायचे.

सहाव्या दिवशी — कसं सांगू? — माझी ओढणी तिपाईत अडकली. मी झटक्यात वळले आणि तिपाईचा एक पाय सरकला. पडली नाही ती. मी ती नुसत्या नजरेच्या अंदाजाने परत खुणेवर आणली. ओळंबा लावून बघायचाही धीर झाला नाही. आणि गप्प बसले. तेव्हाच साहेबांना फोन केला असता तर काय झालं असतं? फार तर काम पुन्हा करावं लागलं असतं.

आठवा दिवस संपला आणि साहेब नोंदी तपासायला आले. आलेखातली रेघ एका जागी चार बोटं सरकून पुढे गेली होती.

"ही उपग्रहांची चूक नाही," ते म्हणाले. "सहाव्या दिवशी सव्वादहाला अँटेना हललीय. वर कोण होतं?"

वेळ अगदी सेकंदापर्यंत छापलेली होती. माझं नाव तेवढं नव्हतं.

"चाचा होते," मी म्हणाले.

त्यांना ऐकू गेलं नसेल, अशी मला आशा होती. पण गेलं होतं.

"ताई, मी तर खाली गेलतो," ते हळू म्हणाले. "तुमीच चाय आणाय पाठवलेलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — नाही.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या मालकाने चाचांना काढलं. वॉचमनने अँटेना हलवल्यामुळे पुढच्या नोंदी रद्द, असं अहवालात आलं. खाली सही माझी. मला कायम केलं. पण ऑफिसात कुणी जुनी फाइल मागितली, की अजून माझे तळहात घामेजतात.

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही. तीन वर्षांनी पडघ्याच्या बस स्टॉपवर चाचा भेटले. खूप वाळले होते. लांबूनच ओळखून हसत आले.

"ताई, वळच्या गच्चीवर तुमीच होत्या ना? आईचा पाय बरा हाय का आता?"

मी इकडेतिकडे पाहिलं. बरोबर ऑफिसातली माणसं होती.

"तुम्ही दुसरंच कुणीतरी समजताय," मी म्हणाले.

ते म्हणाले, "माफ करा," आणि बाजूला झाले.

मी त्यांना माफी मागू दिली.